एपी फिजिक्सच्या क्रेडिटने खरंच एक सेमिस्टर वाचतं का?

"सर, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे सोफोमोर आहे. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म महिनाअखेर द्यायचा आहे. शाळेत एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, त्यातले फिजिक्स १, २ आणि सी असे तिन्ही आहेत. तिचं सध्या अल्जिब्रा २ चालू आहे. माझे मिस्टर पुण्याला इंजिनिअर झाले. त्यांचं म्हणणं, फिजिक्स १ म्हणजे आपली नववी-दहावी, त्यात वर्ष कशाला घालवायचं, सरळ सी घे, मी शिकवतो. शिवाय सगळ्या एपी परीक्षा दिल्या की कॉलेजचं एक सेमिस्टर वाचतं, म्हणजे पंधरा-वीस हजार डॉलर वाचले. महाराष्ट्र मंडळात एकांच्या मुलाने तसं केलं म्हणतात. मुलीला फिजिक्स आवडतं, पण बाबांबरोबर अभ्यासाला बसली की अर्ध्या तासात वाद आणि रडारड. पुढे बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचं म्हणते, मध्येच मेडिकल म्हणते. आणि परीक्षेत ५ पैकी ३ च मिळाले तर ते कायम रेकॉर्डवर राहतात का? काय करावं ते सांगा. — एक आई"

ताई, फॉर्मची तारीख जवळ आहे म्हणून तेवढं आधी सांगून टाकतो. पुढच्या वर्षी प्रीकॅल्क्युलस आणि फिजिक्स १. त्याच्या पुढच्या वर्षी, सीनियरला, कॅल्क्युलस आणि त्याच्या जोडीने फिजिक्स सी. दोन्ही फिजिक्स एकाच वर्षात नकोत, आणि ज्युनियर इयरला, म्हणजे पुढच्या वर्षी, थेट सी तर मुळीच नको. फॉर्म भरून टाका, बाकीचं सावकाश वाचा.

या नावांनी बऱ्याच पालकांचा घोळ होतो. १, २ आणि मग सी, म्हणजे सी हा तिसरा भाग, असं वाटतं. तसं ते नाही. १ आणि २ मिळून कॉलेजच्या त्या वर्षभराच्या फिजिक्सची जागा घेतात, जे बायॉलॉजी किंवा हेल्थ सायन्सची मुलं करतात आणि ज्यात कॅल्क्युलस लागत नाही. सी हे इंजिनिअरिंग आणि फिजिक्सच्या मुलांचं, कॅल्क्युलसवर उभं असलेलं. त्याच्याही दोन वेगळ्या परीक्षा आहेत, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम (ई अँड एम), दोन वेगळे स्कोअर. पूर्वी 'बी' नावाचीही एक परीक्षा होती. सगळं फिजिक्स एका वर्षात कोंबायचा तो प्रकार २०१४ नंतर बंद झाला आणि त्याचेच १ आणि २ झाले. कुणाच्या मोठ्या मुलाने 'बी' दिली होती म्हणून त्याचं ऐकून काही ठरवत असाल तर तो सल्ला शिळा आहे. गराजमधल्या खोक्यातली जुनी तयारीची पुस्तकंही तशीच. २०२४-२५ पासून फ्लुइड्स हा भाग २ मधून १ मध्ये आला, आणि मे २०२५ पासून सीच्या दोन्ही परीक्षा दीड-दीड तासाच्या न राहता तीन-तीन तासांच्या झाल्या.

आता 'फिजिक्स १ म्हणजे आपली नववी-दहावी'. धड्यांची नावं वाचली तर तुमच्या मिस्टरांचं चुकत नाही: गती, बल, ऊर्जा, संवेग, दोलन. पण २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी फिजिक्स १ ला बसलेल्यांपैकी निम्म्यांनाही ५ पैकी ३ गाठता आले नव्हते. गणित तर अल्जिब्रा आणि थोडी ट्रिग, एवढंच. मग मुलं अडतात कुठे?

एक प्रश्न दाखवतो. एक भरीव चकती आणि एक कडं. वस्तुमान सारखं, त्रिज्या सारखी. एकाच उतारावरून एकाच उंचीवरून सोडले, दोन्ही न घसरता घरंगळत येतात. आधी खाली कोण पोहोचेल? समीकरण न लिहिता कारण सांगा.

आपल्याकडे एन्ट्रन्सची तयारी केलेला माणूस इथे दहा सेकंदांत 'चकती' म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. कारण विचारलं तर 'आय (मोमेंट ऑफ इनर्शिया) कमी' असं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. एवढ्यावर तपासणारा फारसे गुण देत नाही. त्याला सगळी साखळी हवी असते. दोन्ही वस्तू सारख्याच उंचीवरून आल्या, म्हणून दोघींना मिळालेली एकूण गतिज ऊर्जा सारखी. कड्याचं सगळं वस्तुमान काठावर आहे, म्हणून त्याच वेगाला त्याच्या फिरण्यात ऊर्जेचा जास्त वाटा जातो. पुढे सरकायला उरते ती कमी. म्हणून उताराच्या प्रत्येक टप्प्यावर कडं चकतीपेक्षा हळू, आणि म्हणून मागे. यातला एखादा दुवा गाळला की गुण गेला. मग पुढच्या उपप्रश्नात सूत्र काढायला सांगतात, आणि त्याच्याही पुढे विचारतात: तुमचं हे सूत्र तुम्ही आधी शब्दांत दिलेल्या कारणाशी जुळतं का, कसं ते सांगा. असा एक प्रश्न आता ठरलेलाच असतो. लेखी भागात प्रश्न चारच, वेळ १०० मिनिटं, आणि निम्मे गुण तिथे. उरलेले निम्मे ८० मिनिटांतल्या ४० पर्यायी प्रश्नांना.

लेखीतला आणखी एक ठरलेला प्रश्न प्रयोगाचा. स्प्रिंगला वेगवेगळी वजनं टांगून दोलनाचा काळ मोजला, आता स्प्रिंगचा स्थिरांक आलेखावरून काढा. काळ विरुद्ध वस्तुमान असा आलेख काढला तर वक्र रेषा येते आणि मुलं तिच्याकडे बघत बसतात. काळाचा वर्ग विरुद्ध वस्तुमान काढला की सरळ रेषा मिळते आणि तिच्या चढावरून स्थिरांक निघतो. कोणत्या अक्षावर काय घ्यायचं हे सुचायला हवं, आणि ते सुचायला प्रयोग हाताने केलेला असावा लागतो. आमच्या पिढीने बारावीच्या जर्नलमध्ये सीनियरच्या वहीतून उतरवलेली रीडिंग लिहिली, मार्कही मिळाले. इथे ते चालत नाही.

थेट सी का नको, याचं कारण कॅल्क्युलस. मुलगी पुढच्या वर्षी प्रीकॅल्क्युलसला असेल. सी मेकॅनिक्समध्ये अगदी सुरुवातीलाच हवेच्या रोधातून पडणारी वस्तू येते: रोध वेगाच्या प्रमाणात, वेग काळाबरोबर कसा बदलतो ते काढा. त्यासाठी वेग एका बाजूला, काळ दुसऱ्या बाजूला घेऊन दोन्हीकडे इंटिग्रेशन करावं लागतं आणि उत्तरात एक्स्पोनेन्शियल येतं. कॅल्क्युलस सोबत चालू असलेल्या मुलांनासुद्धा ऑक्टोबरात हे जड जातं, कारण गणिताच्या वर्गात तोवर डेरिव्हेटिव्हच चालू असतात. बाबा घरी इंटिग्रेशन शिकवतील, मान्य. पण मग ती फिजिक्स न शिकता पाठ केलेल्या पायऱ्या शिकेल, आणि ज्युनियर इयर हे इथल्या शाळेतलं सगळ्यात ओढाताणीचं वर्ष असतं.

आता पैशांचं. मंडळातल्या गप्पांमध्ये नेमकं हेच अर्धवट सांगितलं जातं.

क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी कॉलेजच्या खात्यावर जमा होणारे कोर्सचे गुण, एपी परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड देत नाही. ते फक्त १ ते ५ मधला एक आकडा देतात. त्या आकड्याचं काय करायचं हे ती जिथे जाईल ते विद्यापीठ, आणि बऱ्याचदा तिथलं फिजिक्स डिपार्टमेंट किंवा इंजिनिअरिंगचं कॉलेज ठरवतं. कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही, कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवायला स्वतःची प्लेसमेंट परीक्षा घेतं. डार्टमथने २०१४ साली दाखल झालेल्या तुकडीपासून ते देणं बंद केलं. उलट फ्लोरिडा आणि इलिनॉय या राज्यांत सरकारी विद्यापीठांनी ३ ला क्रेडिट द्यावं असा कायदाच आहे. कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं ३ किंवा जास्त स्कोअरला युनिट देतात, पण ती युनिटं तुमच्या मेजरमधला, म्हणजे मुख्य विषयातला, ठरावीक कोर्स भरून काढतात का, हे कॅम्पस आणि मेजर बघून ठरतं. इथेच सगळी मेख आहे. 'चार क्रेडिट मिळाली' याचे दोन अर्थ होतात. एक, तुमचा मेकॅनिक्सचा कोर्स झाला, पुढचा घ्या. दुसरा, खात्यावर चार क्रेडिट इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून जमा झाली, मेकॅनिक्स मात्र करायचंच आहे. इंजिनिअरिंगला फिजिक्स १ आणि २ ची क्रेडिट मिळालीच तर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या प्रकारची असतात, कारण त्यांना कॅल्क्युलसवालं फिजिक्स हवं असतं. आणि फिजिक्स १ व सी मेकॅनिक्स या दोन्हींमध्ये ५ मिळाले तरी एकाच विषयाचं क्रेडिट दोनदा मिळणार नाही.

समजा पहिल्या प्रकारचं मिळालं. तरी डॉलर वाचतीलच असं नाही. बऱ्याच विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याची सेमिस्टरची फी ठोक असते. १२ क्रेडिट घ्या नाहीतर १७, बिल तेच. एक कोर्स सुटला म्हणून बिल कमी होत नाही. १२ च्या खाली गेलं तर विद्यार्थी अर्धवेळ धरला जातो आणि फायनान्शियल एडचा घोटाळा होतो तो वेगळाच. पैसे वाचायचे तर अख्खं सेमिस्टर कमी व्हावं लागतं, म्हणजे साधारण १५ क्रेडिट, तीही नेमकी डिग्रीत बसणारी. इंजिनिअरिंगमध्ये तेवढ्यानेही भागत नाही, कारण तिथे कोर्स एकामागे एक बांधलेले असतात. कॅल्क्युलस झाल्याशिवाय डिफरन्शियल इक्वेशन्स नाही, फिजिक्स झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही, स्टॅटिक्सशिवाय पुढचं नाही, आणि मेजरमधले काही कोर्स वर्षातून एकदाच असतात. खात्यावर तीस क्रेडिट जमा असूनही चार वर्षं लागलेली मुलं मी दर वर्षी बघतो. मंडळातल्या त्या मुलाचं सेमिस्टर वाचलं असेलही. त्याचं मेजर काय होतं, तेवढं विचारून बघा.

मग क्रेडिटचा उपयोग काय? आहे, चांगला आहे. पहिलं सेमिस्टर हलकं होतं. मायनर, म्हणजे जोडविषय, घ्यायला किंवा सहा महिने कामाचा अनुभव घ्यायला जागा निघते. आणि एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही: बऱ्याच ठिकाणी कोर्स निवडायचा नंबर खात्यावरच्या क्रेडिटवरून लागतो. इलेक्टिव्ह म्हणून पडलेली क्रेडिटही तिथे मोजली जातात, आणि सकाळी आठचं लॅब टळतं.

मिळालेलं क्रेडिट वापरायचं की नाही, हा निर्णय मात्र वेगळा आणि तो घाईने घेऊ नये. पहिल्या वर्षाचं फिजिक्स मी शिकवतो. मेकॅनिक्स एपीवर सोडून थेट ई अँड एमच्या वर्गात आलेली मुलं दोन तऱ्हेची दिसतात. काही पहिल्या रांगेत बसून मला अडचणीत आणतात. काहींना गाउसचा नियम येईपर्यंत कळतं की रेषीय इंटिग्रल, व्हेक्टर, ऊर्जेचा हिशोब, सगळं अठरा महिन्यांपूर्वीचं आहे आणि पुसट झालंय. माझं मत विचाराल तर असं: सी मेकॅनिक्सला ५ मिळाले तर डिपार्टमेंटकडून मेकॅनिक्सची जुनी फायनल मागून घ्यावी (बहुतेक देतात), घड्याळ लावून सोडवावी, आणि आरामात जमली तर पुढे जावं. ४ मिळाले आणि विद्यापीठ क्रेडिट देत असेल, तरी मी माझ्या मुलीला कोर्स पुन्हा करायला सांगेन. ई अँड एमला ५ असले तरीही बायोमेडिकलच्या मुलीने तो कोर्स कॉलेजात करावा. ईसीजी, एमआरआय, सगळं त्यावरच उभं आहे.

मेडिकलचा विचार डोक्यात असेल तर आणखी एक. काही मेडिकल कॉलेजं पूर्वअटींसाठी एपीचं क्रेडिट धरत नाहीत, काही धरतात पण त्याच विषयाचा पुढचा कोर्स कॉलेजात केलेला मागतात. बायोमेडिकल करून मेडिकलला जायचं असलं तर फिजिक्स लॅबसकट कॉलेजात केलेलं कधीही बरं.

३ मार्कांची भीती सोडा. एपीचा स्कोअर शाळेच्या ग्रेडमध्ये धरला जात नाही, आणि कॉलेजच्या अर्जात कोणते स्कोअर लिहायचे हे सहसा मुलंच ठरवतात. फिजिक्स १ ला ३ आले तर लिहू नका, झालं. मात्र कॉलेज बोर्डाकडून अधिकृत रिपोर्ट पाठवला की त्यात सगळे स्कोअर जातात. एखादा नको असेल तर तो रोखायचा किंवा रद्द करायचा वेगळा अर्ज असतो. सीनियर इयरच्या सी परीक्षेचा प्रवेशाशी संबंधच नसतो. कॉलेज १ मेपर्यंत ठरलेलं असतं, परीक्षा त्यानंतर मे महिन्यात, निकाल जुलैत. ती फक्त क्रेडिटसाठी. त्यामुळे कॉलेज ठरल्यावर त्याची एपीची यादी उघडून बघा. तिथे सीला काहीच मिळत नसेल तर ती परीक्षा दिली नाही तरी चालेल. क्रेडिट मिळणार असेल तर २० जूनच्या आत एका कॉलेजला स्कोअर फुकट पाठवता येतो, तो पाठवा. आणि ओरिएंटेशन निकालाआधी असेल तर तिथल्या सल्लागाराला तोंडी सांगा की अमुक स्कोअर यायचा आहे. नाहीतर ती मेकॅनिक्सला नाव घालून बसेल आणि नंतर बदलायला जागा नसेल.

प्रयोगाची वही जपून ठेवा. काही कॉलेजं क्रेडिट देण्याआधी एपीच्या लॅबचं काम बघायला मागतात, आणि तोवर ती वही बहुधा रिसायकलच्या डब्यात गेलेली असते. शाळा ड्युअल एन्रोलमेंट देत असेल, म्हणजे हायस्कूलमध्येच कम्युनिटी कॉलेजचा कोर्स, तर तोही पर्याय आहे. आपल्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात ते क्रेडिट एपीपेक्षा सरळ हस्तांतरित होऊ शकतं. पण तिथला ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायमचा बसतो. तुम्हाला ज्या रेकॉर्डची धास्ती वाटते ते हे, एपीचा ३ नव्हे.

राहिली बाप-लेकीची भांडणं. तुमच्या मिस्टरांना बाजूला करू नका, त्यांचं काम बदला. ते सोडवून दाखवतात, ती गप्प बसते, मग 'एवढं साधं कसं येत नाही' होतं, असं मला पत्रावरून वाटतं. आता उलटं करा. सोडवायचं तिने, बोलायचं तिने, आणि बाबांनी फक्त 'का?' विचारायचं. उत्तर बरोबर असलं तरी विचारायचं. वर दिलेल्या चकती-कड्याच्या प्रश्नापासून सुरू करा. स्वयंपाकघरातला भरलेला डबा आणि बांगडी चालणार नाही, त्रिज्या आणि वस्तुमान जुळत नाहीत असं ती म्हणेल. तेव्हा तिला विचारा की त्याने उत्तर बदलतं का. दोघांनाही उतारावर लाटणं, बांगडी, सेलोटेपचं रीळ सोडून बघायला लागेल, आणि बांगडी लहान असो की मोठी, ती लाटण्याच्या मागेच राहते हे दिसेल. कारण तिने चार वाक्यांत लिहायचं, बाबांनी त्यातला गळलेला दुवा शोधायचा.

शाळा सुरू झाली की एपी परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करायची असते, मे महिन्यात नाही. शाळेची स्वतःची तारीख त्याच्याही आधीची असू शकते, ती काउन्सिलरला सप्टेंबरातच विचारून ठेवा.